पेटीच्या साथीवर पूर्णवेळ जगायचं असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय २१, घर रत्नागिरीजवळच्या गावात, बी.कॉम. झालेलं, हार्मोनियममध्ये विशारद पूर्ण, लहानपणापासून भजनाला वाजवणं चालू. आता शास्त्रीय गायनाची साथ करून त्यावरच जगायचं आहे. रियाझ काय करू, काम कसं मिळतं, पोट भरतं का, आणि घरची जुनी पेटी विकून स्केलचेंजर (षड्ज बदलला तरी बोटं त्याच जागी ठेवता येणारी पेटी) घेऊ का?

या चारही प्रश्नांच्या आधी एक गोष्ट सांगतो, कारण बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे. गाणं शिका. पेटी वाजवता येण्याइतकं जुजबी नको. एखाद्या गायक गुरूकडे किमान चार-पाच वर्षं, आठवड्यातून दोनदा बसून, स्वतःच्या गळ्याने शिका. आवाज चांगला नसला तरी चालेल. बंदिशीचा मुखडा (पुन्हा पुन्हा येणारी सुरुवातीची ओळ) कुठून उठतो, अस्थाई-अंतरा कसा भरतात, गायकाचा श्वास कुठे संपतो, बढत करताना (राग हळूहळू उलगडताना) तो एका सुरावर का रेंगाळतो, हे गळ्यातून गेल्याशिवाय बोटांना कळत नाही. विशारदपर्यंत तुम्ही रागाचे आलाप-ताना पेटीवर बसवल्या असतील. ते एकलवादनाचं शिक्षण झालं. साथीत पुढची जागा तुम्ही ठरवत नाही, गायक ठरवतो, आणि ती त्याच्या तोंडून निघाल्यावर अर्ध्या क्षणात तुमच्या हातात यायला हवी. ती कुठे जाणार याचा अंदाज असेल तरच ती येते, आणि तो अंदाज गायकीतून येतो. गोविंदराव टेंबे पेटीवादक म्हणून गाजले, तरी १९११ सालच्या ‘मानापमान’च्या चाली त्यांच्याच आहेत. पेटीमागे केवढं गाणं असावं लागतं ते त्यावरून समजावं.

दुसरी गोष्ट या वाद्याच्या मर्यादेची. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली आणि ती सुमारे तीन दशकं टिकली. आक्षेप असा होता की या वाद्यात मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) नाही, श्रुती (सुरांमधली सूक्ष्म अंतरं) नाहीत, सूर पक्के ठरलेले. हा आक्षेप खोटा नव्हता. समान अंतराने लावलेल्या पेटीत शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो (सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग), तंबोऱ्यातून ऐकू येणारा नैसर्गिक गंधार ३८६ वर. म्हणजे पेटीचा गंधार १४ सेंट चढा. निषाद १२ सेंट चढा. कोमल गंधार उलट १६ सेंट उतरलेला. पंचम आणि मध्यम मात्र दोनच सेंटने हलतात, कानाला कळतही नाहीत. यातून साथीचा पहिला व्यावहारिक नियम निघतो: सा, म, प धरून ठेवायला निर्धास्त, रिषभही बहुतेक रागांत चालतो, गंधार, धैवत, निषाद यांवर गायक स्थिर झाला की तुमचा सूर हलका करा किंवा सोडून द्या. गायक यमनचा गंधार तंबोऱ्यात मिसळतो आहे आणि शेजारून पेटीचा चढा गंधार जोरात वाजतो आहे, असं झालं की त्याचा सूर विसकटतो. श्रोत्यांना वाटतं गायक बेसूर झाला.

रागाप्रमाणे हे आणखी बारीक होतं. दरबारीचा आंदोलित कोमल गंधार पेटीत नाहीच. तो वाजवायला जाऊ नका. गायक त्यावर झुलत असताना रिषभ हलका धरा, गंधाराला नुसता स्पर्श करून पुन्हा रिषभावर या. तोडीच्या गंधाराचं तसंच, भैरवच्या रिषभाचंही तसंच. मारव्यात सगळ्यात मोठी चूक म्हणजे सवयीने षड्ज धरून बसणं. गायक षड्ज टाळून रिषभ-धैवतावर ताण उभा करत असतो आणि साथीदार तो ताण दर आवर्तनात मोडतो. त्याच पट्ट्यांवर गंधार-निषादाकडे झुकलात तर पूरिया दिसायला लागतो. भूप आणि देशकार यांचंही असंच, पट्ट्या पाचही त्याच. भूपात गंधार, देशकारात धैवत. गायकाने राग मांडला आणि साथीदाराने दुसराच दाखवला, अशी मैफल झाली की पुन्हा बोलावणं येत नाही, आणि का आलं नाही हे कोणी सांगतही नाही.

आता रियाझ. दिवसाला चार तास धरू. पहिला अर्धा तास फक्त भात्याचा. एक षड्ज धरा आणि दहा मिनिटं तो हिंदकळू देऊ नका. भजनातली सवय अशी असते की प्रत्येक शब्दाला भाता मारायचा. त्याने सूर लाटेसारखा वर-खाली होतो. ख्यालाच्या साथीत भात्याचा झोत छोटा, सारखा आणि वाक्याशी न जुळणारा हवा, म्हणजे भाता परत येताना सूर पडत नाही. डावा हात खांद्यातून न चालवता मनगट आणि बोटांतून चालवा. खांद्याने भाता मारणाऱ्यांचा डावा खांदा पुढे दहा-पंधरा वर्षांत हमखास धरतो, आणि तीन तासांची मैफल मग अशक्य होते.

त्यानंतर पलटे (सुरांच्या क्रमाचे सराव), पण एकाच पट्टीत, म्हणजे एकाच षड्जावरून, नको. रोज तीन पट्ट्या: काळी एक, काळी चार, पांढरी चार (सप्तकातल्या कितव्या काळ्या किंवा पांढऱ्या पट्टीवर षड्ज, त्यावरून हे नाव). दर महिन्याला त्यांतली एक बदला. पुरुष गायक साधारण पांढरी एक ते काळी दोन या टापूत गातात, स्त्रिया बहुधा काळी तीन ते काळी पाच. काळी पाचला बऱ्याच जणांची बोटं अडखळतात, कारण षड्ज काळ्या पट्टीवर आणि शुद्ध रिषभ, गंधार पांढऱ्या पट्ट्यांवर येतात. अंगठा कुठे टाकायचा हे सवयीचं राहत नाही. म्हणून यमन, भीमपलास, भैरव, तोडी, मारवा, बिहाग, मालकंस हे सात राग या पट्टीत रोज फिरवा. स्त्री-पुरुष सहगायनाला बसलात तर पुरुषाची काळी एक आणि स्त्रीची काळी तीन अशी जोडी येऊ शकते; म्हणजे त्याच्या मध्यमावर तिचा षड्ज. तिथे डोक्यात दोन षड्ज एकाच वेळी ठेवावे लागतात. याची तयारी घरीच करायची असते.

तिसरा भाग ऐकण्याचा, आणि तो सगळ्यात जास्त वेळ घेणारा. रोज एक ध्वनिमुद्रण घ्या. पहिल्यांदा फक्त गाणं ऐका, दुसऱ्यांदा फक्त पेटी. पं. भीमसेन जोशींच्या मैफलींत आप्पा जळगावकर आणि पुरुषोत्तम वालावलकर या दोघांची साथ ऐका आणि तुलना करा: कोण वाक्य संपल्यावर किती उशिरा सुटतो, तानेच्या मागे धावतो की फक्त शेवट पकडतो, मुखड्याला किती आवाज देतो. गोव्यातल्या बोरीचे पेटीवादक तुळशीदास बोरकर मधुकर पेडणेकरांकडे शिकले. त्यांच्या बोटांत बोलांचा उच्चार ऐकू येतो. गोविंदराव पटवर्धनांच्या हातातलं नाट्यपदही असंच, शब्द न ऐकता पद ओळखता येतं. तिसऱ्यांदा ते ध्वनिमुद्रण लावून स्वतः साथ करा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. दुसऱ्या दिवशी ऐकलंत की तुम्ही कुठे जास्त वाजवलंत ते लख्ख दिसेल. सुरुवातीच्या काळात सगळ्यांचीच चूक जास्त वाजवण्याची असते.

नक्की किती वाजवायचं? विलंबित एकतालात एक मात्रा चार सेकंदांची झाली तर बारा मात्रांचं आवर्तन ४८ सेकंदांचं होतं. एवढ्या मोठ्या पटात गायक एक वाक्य घेतो, थांबतो, पुढचं घेतो. वाक्य चालू असताना सावलीसारखं मागे राहा, आवाज त्याच्या निम्म्याहून कमी. वाक्य संपलं की त्याचाच शेवटचा तुकडा म्हणा आणि न्यासाच्या (विसाव्याच्या) सुरावर थांबा. नवा सूर उघडण्याचा मान गायकाचा. त्याने अजून धैवत घेतला नसेल तर तुम्ही धैवतावर जायचं नाही, मधल्या जागेत तुम्हाला आवर्तन मिळालं तरीही. तानेत प्रत्येक सूर पकडायचा हट्ट नको. झेपली तर तीच तान, नाहीतर तानेचा उतार आणि सम (आवर्तनाची पहिली मात्रा). बारा मात्रा तोंडाने मोजून चालत नाही, तबल्याचा ठेका कानात असायला हवा, कारण नवव्या-दहाव्या मात्रेला गायक मुखड्याकडे वळणार हे कळलं तर तुमचा मुखडा त्याच्याबरोबर समेवर पडतो.

घराण्यानुसार हात बदलतो. किराण्याच्या सुरासुराने चालणाऱ्या बढतीत लांब, स्थिर सूर हवा. आग्र्याच्या बोलबनावात (बंदिशीचे शब्द सुरांत फुलवण्यात) आणि लयकारीत पेटी बरीचशी गप्प राहिलेली चांगली, नाहीतर बोलांच्या कडा बुजतात. जयपूर-अत्रौली गायकीत मात्र तयारी आधी लागते. रायसा कानडा, खोकर, संपूर्ण मालकंस, बसंती केदार, खट, बिहागडा हे राग मंचावर पहिल्यांदा ऐकून साथ होत नाही. वहीत त्यांची चलनं आणि प्रत्येकी एक बंदीश लिहून ठेवा. महिन्याला दोन अनवट राग धरले तरी चार वर्षांत शंभराच्या आसपास जाल.

कामाचं सांगायचं तर मैफलीचं काम जाहिरातीने मिळत नाही. ते वर्गातून मिळतं. जिथे गाणं शिकाल तिथेच गुरूंच्या इतर शिष्यांच्या रियाझाला बसा, आठवड्यातून तीन-चारदा, पैशाची अपेक्षा न ठेवता. तीच मुलं पुढे स्पर्धा, परीक्षा, गुरुपौर्णिमेचे कार्यक्रम, मग लहान बैठका करतात, आणि तुम्हाला घेऊन जातात. तुमची पिढी गाण्यात वर येईल तशी तुमची साथ वर येते. यासाठी काही वर्षं पुणे, मुंबई, कोल्हापूर किंवा गोवा यांपैकी कुठेतरी राहावं लागेल हे मोकळेपणाने सांगतो. गावातून ये-जा करून भजन आणि नाट्यगीत होईल, ख्यालाची साथ होणार नाही, कारण अर्धी कामं दोन दिवस आधीच्या फोनवर ठरतात.

पोट भरतं का? पहिली सहा-सात वर्षं केवळ मैफलीच्या मानधनावर भरत नाही. पण साथीदाराला गायकापेक्षा जास्त दारं उघडी असतात. सगळ्यात नियमित उत्पन्न लेहऱ्याचं, म्हणजे तालाचं आवर्तन दाखवत सतत वाजणाऱ्या धुनेचं. तबल्याचे वर्ग, तबल्याचं एकलवादन, कथकचे वर्ग आणि रंगमंचप्रवेश या सगळ्यांना लेहरा लागतो. रोहिणीताई भाटे यांनी १९४७ साली पुण्यात नृत्यभारती सुरू केली. आज त्या शहरात कथकचे वर्ग गल्लोगल्ली आहेत. लेहरा सोपा वाटतो आणि तिथेच पोरं फसतात. तीनतालाचा एकच आवर्तनभर नगमा चाळीस मिनिटं लय तसूभर न हलवता वाजवायचा, समोरचा तिहाया टाकत असताना त्याच्याबरोबर वाहून जायचं नाही. मेट्रोनोम लावून आधी दहा, मग वीस, मग चाळीस मिनिटं असा सराव करा. तीनतालाशिवाय झपताल, रूपक, एकताल, ९ मात्रांचा मत्तताल, ११ मात्रांचा रुद्र आणि १५ मात्रांची पंचमसवारी यांचे प्रत्येकी दोन लेहरे तयार ठेवा, वेगवेगळ्या रागांत, विलंबित आणि द्रुत दोन्ही. तबलावादकाची पट्टी आदल्या दिवशीच विचारा, तबला त्या सुरात लागलेला असतो.

दुसरं दार संगीत नाटकाचं. कोकणात आणि गोव्यात स्पर्धांसाठी आजही संगीत नाटकं बसतात आणि पायपेटी, म्हणजे ऑर्गन, वाजवणारे फार थोडे उरले आहेत. दोन्ही हात पट्ट्यांवर, भाता पायाने, त्यामुळे डावा हात नव्याने शिकवावा लागतो. साकी, दिंडी, अंजनीगीत या जुन्या नाट्यपद्यप्रकारांच्या चाली पाठ हव्यात. तुम्ही रत्नागिरीकडचे आहात, हे काम तुमच्या दारात आहे. आषाढात आणि कार्तिकात अभंगांचे कार्यक्रम, दिवाळी पहाट, गणेशोत्सव, मग डिसेंबर ते फेब्रुवारी हा मुख्य हंगाम. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून चालू आहे, तो डिसेंबरात असतो आणि त्याच्या मागेपुढे गावोगावचे समारोह लागतात. एप्रिल-मे पुष्कळदा मोकळे जातात. त्या दोन महिन्यांचा खर्च हंगामातच बाजूला काढायचा. शिकवण्या सुरू करा, पण आठवड्यात दहा-बारा तासांवर जाऊ देऊ नका. त्यापुढे गेलं की स्वतःचा रियाझ पहिला मरतो.

पैशाचं बोलणं फोनवर आणि लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी करा: तारीख, वेळ, किती तास, पट्टी, तालीम आहे का, प्रवास आणि राहणं कोणाकडे, पेटी कोणाची, मानधन किती आणि कधी. संकोचाने हे विचारलं जात नाही आणि कार्यक्रमानंतर कटुता येते. एकदा दिलेली लहान तारीख मोठी आल्यावर मोडू नका. हे क्षेत्र इतकं लहान आहे की महिन्याभरात सगळ्यांना समजतं. मोठ्या संस्था मानधनातून बहुधा १० टक्के कर कापून घेतात. पॅन कार्ड द्या, कापल्याचा पुरावा मागा आणि दरवर्षी विवरणपत्र भरा. उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असेल तर ते पैसे परत मिळतात. तुम्ही बी.कॉम. आहात, हे तुम्हाला सहज जमेल आणि बरोबरच्या कलाकारांनाही समजावता येईल.

मंचावर पेटी गायकाच्या डाव्या हाताला असते, तबला उजव्या. पेटी किंचित तिरकी ठेवा, म्हणजे गायकाचा चेहरा, हात आणि तबलजी तिन्ही नजरेत राहतात. माइक सूर बाहेर पडतो त्या बाजूला, वीतभर अंतरावर. ध्वनियोजना करणारे पेटी फार मोठी ठेवतात. आपणहून कमी करायला सांगा. तंबोरे तुमच्या पेटीच्या षड्जाला लागले आहेत की नाही हे बसल्याबसल्या तपासा. पेटी मंचावर हलत नाही, तंबोरा हलतो. इलेक्ट्रॉनिक तंबोरा असेल तर त्याची बारीक खुंटी फिरवून आधी पेटीशी जुळवून घ्या आणि मग गायकाला सूर द्या.

आता पेटीचं. स्केलचेंजरमध्ये पट्ट्यांचा सांगाडा सुरांवरून सरकतो, म्हणून बोटांची ठेवण तीच राहते. सोय आहे, हे खरं. पण सरकणारा भाग आला की हवा गळण्याच्या जागा वाढतात, वजन वाढतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे बोटं एकाच पट्टीची सवय लावून घेतात. स्केलचेंजर अडकला किंवा दुसऱ्याची साधी पेटी समोर आली की असा वादक उघडा पडतो. काही साथीदार एखाद्या पट्टीसाठी गंधार-धैवत-निषाद नैसर्गिक लावून घेतात. ती पेटी त्या एका षड्जाला फार गोड वाजते, मात्र तो षड्ज बदलला की तेच सूर खटकतात, आणि स्केलचेंजर असला तरी हा दोष जात नाही, कारण सूर जागचे हलत नाहीत, पट्ट्याच हलतात.

तुमच्या कामाला साडेतीन सप्तकांची, ४२ पट्ट्यांची, खर्ज-नर (खालच्या आणि मधल्या सप्तकाच्या) अशा दुहेरी सुरांची साधी पेटी पुरे. कपलर (एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातली तीच पट्टीही दाबणारी यंत्रणा) साथीत वापरायचाच नसतो, त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. घेताना चार गोष्टी पाहा. भाता भरून एकही पट्टी न दाबता थांबा. तो लगेच बसला तर गळती आहे. मग एकच पट्टी दाबून एका भात्यात सूर किती टिकतो ते मोजा. पंधरा सेकंदांच्या आत मेला तर नको. प्रत्येक पट्टी अगदी हळू दाबून पाहा, सूर कमी हवेत उशिरा बोलत असेल तर विलंबितात तो दगा देतो. शेवटी मोबाइलवर ट्यूनर लावून तिन्ही सप्तकांतला एकच सूर तपासा, खर्ज आणि नर वेगवेगळे उघडून. पेटीचा सूर चढवायला जिभेचं, म्हणजे सूर देणाऱ्या पितळी पात्याचं, टोक घासतात, उतरवायला मुळाकडचा भाग; दोन्हीकडे खूप घासल्याच्या खुणा दिसल्या तर ती पितळी जीभ कमजोर झालेली आहे.

मैफलीला जाताना पिशवीत लहान स्क्रूड्रायव्हर, पातळ कागदाच्या पट्ट्या, दोन जादा स्प्रिंगा आणि कापडी चिकटपट्टी ठेवा. सूर मुका झाला तर बहुतेक वेळा जिभेखाली कचरा असतो: कागदाची पट्टी हलकेच आत सरकवून काढा. तोंडाने फुंकर मारू नका, ओलाव्याने पितळ काळवंडतं.

घरची जुनी पेटी विकू नका. भजनात वर्षानुवर्षं वाजलेली असेल तर तिचं लाकूड वाळलेलं आणि सूर मुरलेले असतात. एखाद्या चांगल्या कारागिराकडे नेऊन भात्याचं कातडं, पट्ट्यांखालचं अस्तर आणि ट्यूनिंग करून घ्या. नव्या पेटीच्या तुलनेत थोडक्यात भागतं. तुमच्याकडच्या पावसात तिला भिंतीला टेकवून किंवा जमिनीवर ठेवू नका, फळीवर ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि रोज अर्धा तास वाजवा. कोकणातल्या दमटपणाने कातडं फुगतं, पट्ट्या अडकतात, आणि बंद पडून राहिलेल्या पेटीत उंदीर पहिल्यांदा भाता कुरतडतात. ती पेटी काळी एक आणि काळी चारच्या रियाझाला ठेवा, आणि स्केलचेंजरसाठी बाजूला काढलेल्या पैशांतून गाण्याच्या गुरूंची पहिल्या वर्षाची फी भरा.